खालचे आधी जाते

पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या बाकड्यावर एक तक्रार हमखास येते. "हँडल सरळ धरलं की मध्येच खटका लागतो." गिऱ्हाईक माउंटन बाइक उभी करते, आपण पुढचे चाक जमिनीवरून उचलतो, हँडल दोन बोटांनी हळूच एका बाजूकडून दुसरीकडे नेतो, आणि बरोबर मध्यावर ते खोबणीत बसल्यासारखे थांबते. हेडसेटचे बेअरिंग गेलेले असते. पुढचा प्रश्न ठरलेला: "टिकाऊ कोणतं टाकू?" आपल्यातले बहुतेक जण यावर एखाद्या ब्रँडचे नाव सांगून मोकळे होतात. हे उत्तर अपुरे आहे, आणि पावसाळा संपेपर्यंत तेच गिऱ्हाईक तीच सायकल घेऊन परत येते, ते त्यामुळेच.

हेडसेटचे बेअरिंग धावून झिजत नाही. ताशी २५ किलोमीटर वेगाने चाललेल्या २९ इंची चाकाचे हब मिनिटाला साधारण १८० फेरे घेते. हेडसेट सायकलच्या उभ्या आयुष्यात एकदाही पूर्ण फेरा घेत नाही. सरळ वाटेवर ते दोन-चार अंश इकडे, दोन-चार अंश तिकडे, इतकेच हलते. म्हणजे तेच छर्रे त्याच जागी बसून राहतात आणि खालून हादरे येत राहतात. छर्‍याखालचे ग्रीस बाजूला सरकते. ते परत आत यायचे तर छर्रा नीट गडगडायला हवा, आणि नेमके तेच होत नाही. मग कोरड्या पोलादावर कोरडे पोलाद केसाइतके मागेपुढे घासते, तांबूस भुकटी धरते आणि प्रत्येक छर्‍याखाली एक खळगा पडतो. तोच आपला खटका.

हे खळगे खड्ड्यात आदळून पडतात, असे अजूनही अनेक कारागीर सांगतात. स्वीडनच्या ब्रिनेलने १९०० साली पोलादाची गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजायची रीत जगापुढे मांडली. त्याच्या नावावरून अशा दाबखुणांना ब्रिनेलिंग म्हणू लागले. पण १९३० च्या दशकात अमेरिकेत रेल्वेने दूरवर पाठवलेल्या नव्याकोऱ्या मोटारींच्या चाकांच्या बेअरिंगमध्येही तसेच खळगे सापडले. त्या गाड्या एक किलोमीटरसुद्धा चाललेल्या नव्हत्या, नुसत्या डब्यात उभ्या राहून हादरत गेल्या होत्या. जनरल मोटर्सच्या आल्मेनने १९३७ मध्ये या 'खोट्या ब्रिनेलिंग'ची फोड केली. सायकलच्या हेडसेटला हेच लागू पडते हे जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकी अभियंत्याने वर्षानुवर्षे लोकांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला. मोटारीच्या टपावर पुढचे चाक काढून, चिमटा कॅरियरला आवळून सायकल पुण्याहून गोव्याला नेणाऱ्या गिऱ्हाइकांना ही रेल्वेची गोष्ट जरूर सांगावी. त्यांची सायकल घाट न चढताच हेडसेट खर्ची घालत असते.

ब्रँटचा दुसरा मुद्दा आपल्या कामाचा अधिक आहे. ब्रेक दाबला की चिमट्याची दांडी मागेपुढे किंचित वाकते. जुन्या वाटी-छर्‍यांच्या हेडसेटमध्ये हे वाकणे थेट छर्‍यांच्या वाटेवर येते. कार्ट्रिज बेअरिंगच्या कड्यांना बाहेरून उतरता काठ असतो आणि त्या काठावर बेअरिंग आपल्या बैठकीत किंचित कलू शकते. वाकणे तिथेच जिरते, छर्‍यांपर्यंत कमी पोचते. पण कधी? काठाचा कोन आणि बैठकीचा कोन तंतोतंत जुळत असेल तेव्हाच. म्हणून टिकाऊपणाची पहिली अट पोलादाची नाही, मापाची आहे.

आणि मापातच आपण सर्वाधिक चुकतो. मी स्वतः चुकलो आहे. एका सायकलीच्या वरच्या बाजूला ४१.८ मिलिमीटरचे बेअरिंग हवे होते, मी ४१ चे बसवले. आत अगदी सहज गेले, तेव्हाच शंका यायला हवी होती. दोन दिवसांत हँडल डुगडुगू लागले, मी टोपी आणखी आवळली, आठवड्याने पुन्हा तेच. चौथ्या वेळी कॅलिपर हातात घेतले. ४१ मिलिमीटरचे बेअरिंग सहसा आतून ३६ आणि बाहेरून ४५ अंशांचे असते, केन क्रीकच्या पद्धतीचे. ४१.८ चे दोन्हीकडून ४५, कंपान्योलोच्या पद्धतीचे. ०.८ मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, कोनाचा तर नाहीच. खालच्या बाजूला टेपर चिमट्यासाठी आत ४०, बाहेर ५२ मिलिमीटरचे माप सर्रास आढळते, पण तेही ४५×४५ आणि ३६×४५ अशा दोन्ही कोनांत मिळते. जाडी साडेसहा, सात किंवा आठ. अर्धा मिलिमीटर चुकला तर वरची टोपी फ्रेमला घासते किंवा पाणी शिरेल एवढी फट राहते.

कोन बेअरिंगच्या कडेला कोरलेला असतो, गंजाने पुसला नसेल तर. पुसला असेल तर साधी युक्ती: नव्या बेअरिंगच्या उतरत्या काठावर मार्करने काळा पट्टा ओढा, बैठकीत ठेवून दाबा आणि चार वेळा फिरवा. शाई पूर्ण पट्ट्यावर घासली गेली तर कोन जुळला. एका बारीक रेषेपुरतीच गेली तर ते बेअरिंग परत डब्यात टाका, कितीही महागाचे असो. मुंबईच्या नागदेवीला किंवा आपल्या गावच्या बेअरिंगवाल्याकडे जाऊन "याच मापाचं द्या" म्हणणाऱ्यांनाही एक सूचना. तिथे फळीवर असलेली साधी गोल बेअरिंग्ज आडवा भार पेलायला केलेली असतात. हेडसेटला उभा आणि आडवा भार एकदम येतो, त्याला तिरप्या संपर्काचेच बेअरिंग लागते. आतबाहेरचा व्यास जुळला म्हणून दुसरे कोंबू नये. जिथे बेअरिंग थेट फ्रेममध्ये बसते तिथे तर चुकीचे बेअरिंग फ्रेमची बैठकच खाते, आणि कार्बनची फ्रेम असेल तर ते नुकसान भरून काढायला जागा उरत नाही.

आता पोलाद. बाजारातले साधे बेअरिंग ५२१०० क्रोम स्टीलचे असते. कठीण आणि स्वस्त, पण पाण्याशी त्याचे जमत नाही. बेअरिंगसाठी चांगले स्टेनलेस म्हणजे ४४०सी. ते किंचित कमी कठीण, पण हेडसेटला तेवढे कठीणपण पुरून उरते. एक गैरसमज इथेच दूर करतो: लोहचुंबक लावून स्टेनलेस ओळखता येत नाही. ४४०सी लोहचुंबकाला चिकटते. जे चिकटत नाही ते जेवणाच्या डब्याचे स्टील, आणि ते छर्‍यांच्या वाटेसाठी फार मऊ. चुंबक लावून "हे बनावट आहे" म्हणत चांगला माल परत पाठवणारे दुकानदार मी पाहिले आहेत. खात्री करायचीच असेल तर खोक्यातल्या एका बेअरिंगचे ग्रीस धुऊन ते मिठाच्या पाण्यात ठेवा. क्रोम स्टील रात्रीत नारिंगी होते. ४४०सीवर फार तर डाग येतात. कडी आणि छर्रे दोन्ही स्टेनलेसचे आहेत का, हेही त्याच परीक्षेत कळते.

सिरॅमिक छर्‍यांबद्दल थोडक्यात. ते गंजत नाहीत, पण बहुतेकदा त्यांच्याभोवतीच्या कड्या पोलादाच्याच असतात आणि गंजतात. त्यांचा खरा गुण वेगात फिरताना दिसतो. चार अंश हलणाऱ्या जागी गिऱ्हाइकाला ते विकू नये.

सीलकडे मात्र डोळे फाडून पाहा. हबच्या बेअरिंगला सील घट्ट असले तर चाक जड फिरते, म्हणून तिथे तडजोड करावी लागते. हेडसेटला ती अडचण नाही. दोन ओठांचे, कडीला घट्ट टेकणारे रबरी सील इथे उत्तम. त्याच्या खाली चिमट्याच्या कडीवर आणखी एक रबरी ओठ असतो. बदलताना तो फाटका असला तरी आपण तसाच ठेवतो, आणि वेताळ टेकडीवरून पावसात उतरणाऱ्या सायकलच्या पुढच्या चाकाने उडवलेला चिखल थेट तिथूनच वर जातो. म्हणून खालचे बेअरिंग आधी जाते. आदळण्याचा भार तेच घेते, पाणीही तेच पिते. वरचे त्यामानाने सुखात असते. तरी आपण दोन्ही जोडीने बदलतो, कारण डबीत जोडी येते. माझे म्हणणे: दोघांचा हिशेब वेगळा ठेवा. खाली स्टेनलेस आणि चांगले सील, वर साधे क्रोम स्टील चालेल. अपवाद दोन. घरात ट्रेनरवर घाम गाळणाऱ्यांचे वरचे बेअरिंग मिठाने आधी कुजते. आणि ज्या नव्या सायकलींत ब्रेकची नळी हेडसेटच्या आतून जाते, तिथे वरचे बेअरिंग काढायला नळी सोडवावी लागते आणि ब्रेक पुन्हा भरावे लागतात. तिथे मजुरीच बेअरिंगपेक्षा महाग पडते, म्हणून वरही स्टेनलेसच टाका. (ही नळी हेडसेटमधून न्यायची कल्पना ज्याला सुचली, त्याने एक पावसाळा कोकणात कारागीर म्हणून काढावा, एवढीच इच्छा.)

उरले ग्रीस. जोरात फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये ते अर्ध्याहून कमी भरायचे असते, नाहीतर ते तापते. ही सवय हेडसेटला लावू नका. नवे बेअरिंग बसवण्याआधी पातळ पात्याने सील उचला आणि आत पाहा. स्वस्त बेअरिंगमध्ये नावापुरते ग्रीस असते. पाण्यात टिकणारे, बोटींसाठी विकले जाणारे ग्रीस काठोकाठ भरा, सील बसवा आणि काठावरही एक थर द्या. दांडीवर स्टेम आवळतो त्या जागी मात्र ग्रीस लागू देऊ नका. आपल्याकडे या कामाला अजूनही ओव्हरऑइलिंग म्हणतात. शब्द ओव्हरहॉलिंगचा अपभ्रंश असला तरी हेडसेटपुरता तो मला जास्त बरोबर वाटतो.

बसवून झाल्यावर टोपीचा स्क्रू एक-दोन न्यूटन-मीटरपर्यंतच आवळा, मग स्टेमचे स्क्रू त्यावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. ढिलाई तपासताना पुढचे चाक आडवे वळवून ब्रेक दाबा आणि सायकल हलवा. चाक सरळ ठेवून तपासले तर शॉकरची आणि ब्रेकपॅडची खडखड हेडसेटच्या नावावर जाते. आणि सर्व्हिसिंगनंतर मोटारसायकलचा पाण्याचा फवारा हेडसेटवर मारणाऱ्या पोराला बादली आणि ब्रश द्या.

दिवाळी अंकासाठी आम्ही मापांचा तक्ता करत आहोत. तुमच्याकडे येणाऱ्या माउंटन बाइकचे मॉडेल, बेअरिंगचे तिन्ही मिलिमीटर, दोन्ही कोन आणि ते किती महिन्यांनी गेले, असे एका ओळीत लिहून पाठवा. वरचे आणि खालचे वेगळे लिहा. "जोडी बदलली" एवढीच नोंद असलेली पत्रे परत येतील.