खजिनदाराने आधी काय पाहावे?

चातुर्मास पुढे सरकू लागला की वार्षिक सर्वसाधारण सभांचे दिवसही जवळ येतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील मंदिरांचे न्यास, वसतिगृहे, पाठशाळा आणि पतसंस्था यांचे अहवाल सभासदांच्या हाती पडतात. जेथे मुदत संपली असेल तेथे निवडणूकही होते. पुन्हा निवडून येऊ इच्छिणारा खजिनदार बहुधा एक गोष्ट अभिमानाने सांगतो : ‘गतवर्षापेक्षा ठेवींवर अधिक व्याज मिळवून दिले.’ सभा टाळ्या वाजवते. ते अधिक व्याज आले कोठून, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

अमेरिकेत अनेक राज्यांत काउंटीचा, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्याचा, खजिनदार मतदारच निवडतात. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत रॉबर्ट सिट्रन दोन दशकांहून अधिक काळ या पदावर होते. शाळा, नगरपालिका, पाणीपुरवठा संस्था यांचा पैसा त्यांच्या हवाली असे आणि इतरांपेक्षा जास्त व्याज मिळवून देणारे म्हणून त्यांची ख्याती होती. १९९४ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी जॉन मूरलाक यांनी या गुंतवणुकीतील धोका जाहीरपणे मांडला. मतदारांनी तरीही सिट्रन यांनाच निवडले. वास्तविक ते जादा उत्पन्न कर्ज काढून केलेल्या गुंतवणुकीचे होते. व्याजदर चढले, हिशेब उलटला, दीड अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बुडाली आणि ६ डिसेंबर १९९४ रोजी काउंटीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम मुद्दलाची सुरक्षितता, नंतर गरजेच्या वेळी पैसा हाती येण्याची खात्री आणि शेवटी व्याज. हा क्रम का पाळावा, हे समजण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. सातारा जिल्ह्यातील कराड जनता सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये निर्बंध घातले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिचा परवाना रद्द केला. ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना ठेव विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल, असे रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितले. म्हणजे बहुसंख्यांचे मुद्दल सुरक्षित होते. परंतु मधली तीन वर्षे ते हवे तेव्हा हाती येत नव्हते.

हा विमा एका बँकेतील एका ठेवीदाराला, सर्व शाखा मिळून आणि व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंतच मिळतो. न्यासाचे देणगीदार शेकडो असले तरी बँकेच्या दृष्टीने न्यास हा एकच ठेवीदार. समजा, मंदिराच्या जीर्णोद्धाराचे ४० लाख रुपये अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणून एकाच सहकारी बँकेत ठेवले, तर विम्याचे छत्र ५ लाखांवरच. उरलेल्या ३५ लाखांचे भवितव्य त्या बँकेच्या प्रकृतीवर अवलंबून. पतसंस्थेतील ठेवींना तर हा विमा लागूच नाही. म्हणून पतसंस्थेच्या खजिनदाराने व्याजदराच्या आधी थकबाकी, तारण आणि राखीव निधी यांचे आकडे सांगितले पाहिजेत.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ नेही न्यासाच्या पैशाला मर्यादा आखून दिली आहे. तो शेड्यूल्ड बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांत ठेवावा. अन्यत्र ठेवायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी हवी. ओळखीच्या व्यापाऱ्याला ‘चार दिवसांसाठी’ दिलेली रक्कम, ती व्याजासह परत आली तरी, या मर्यादेबाहेरचीच.

आपल्या परंपरेत देवद्रव्याच्या बाबतीत श्रावक किती जपून वागतो, हे सांगावयास नको. त्या द्रव्याचा स्वतःसाठी उपयोग न करणे हा त्या जपणुकीचा अर्धा भाग. ते दुसऱ्याच्या हाती अविचाराने न सोपविणे हा उरलेला अर्धा.

तेव्हा येत्या सभेत उमेदवाराला तीन प्रश्न शांतपणे विचारावेत. संस्थेच्या ठेवी कोणकोणत्या बँकांत व किती आहेत? पुढील सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम केव्हाही काढता येईल का? ठेवींच्या पावत्या लेखापरीक्षकांनी स्वतः पाहिल्या आहेत का? ज्याची उत्तरे तयार असतील, त्याने व्याज थोडे कमी आणले असले तरी त्याला पुन्हा निवडून देण्यास हरकत नाही.