झिजलेले बेअरिंग आणि नुकसानीची पातळी

वाराणसीच्या दशाश्वमेध घाटाकडे निघालेला यात्रेकरू गोदौलिया चौकापर्यंत अनेकदा रिक्षाने येतो. दोन माणसे आणि त्यांचे सामान यांचा बहुतेक भार सायकल रिक्षाच्या मागच्या आसावर पडतो. त्या आसाची बेअरिंगे झिजली, की वाढलेले घर्षण चालकाच्या पायांना सोसावे लागते. रिक्षा बंद पडत नाही, म्हणून दुरुस्तीही होत नाही. ‘चालते आहे ना, मग ठीक आहे’ ही वृत्ती शेतीतही तितकीच खोल रुजलेली आहे.

रिक्षा हा कृषी संशोधनाचा विषय नव्हे, असे कोणास वाटेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तसे मानले नाही. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांच्या नेतृत्वाखाली सुधारित सायकल रिक्षा आणि विजेवरील रिक्षा विकसित करण्यात आली. गिअरचा अभाव आणि केवळ पुढच्या चाकाला असलेला ब्रेक या जुन्या रिक्षाच्या उणिवांवर तेथे बोट ठेवले गेले. वाया जाणारे श्रम हाही शास्त्राचा विषय आहे, हा या कामाचा बोध. तोच न्याय ट्रॉलीला आणि टायरच्या बैलगाडीलाही लागू होतो. तेथे घर्षणाची किंमत डिझेल मोजते किंवा बैलाची मान.

कीड व्यवस्थापनात ‘आर्थिक नुकसान पातळी’ ही संकल्पना शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडली आहे. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग सापडले, तर बोंडे फुटण्याची वाट पाहिली जात नाही. बेअरिंगच्या बाबतीत मात्र चाक निखळेपर्यंत थांबले जाते. उसाने भरलेल्या ट्रॉलीचे चाक रात्री रस्त्यावर निखळले, तर प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवाचा होतो.

येथेही सर्वेक्षण सोपे आहे. रिकामी ट्रॉली सपाट, टणक जमिनीवर उभी करून उरलेल्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, आस जॅकने उचलावा आणि त्याखाली भक्कम आधार द्यावा. चाक वर व खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर ढिलाई आहे. हाताने फिरवताना घरघर आली, तर गोट्या वा रोलर खराब झाले असण्याची शक्यता आहे. फेरीनंतर एकच तुंबा इतरांपेक्षा अधिक तापत असेल, तर तो वेगळा तपासावा.

बदलण्याचे कामही गावात होण्यासारखे आहे. टोपी, स्प्लिट पिन आणि नट काढून तुंबा बाहेर घ्यावा. जुने बेअरिंग डिझेलने धुऊन पाहावे. खड्डे किंवा निळसर डाग दिसले, तर ते पुन्हा वापरू नये. त्यावरील क्रमांक दाखवूनच नवे घ्यावे. निमुळत्या रोलरच्या बेअरिंगमध्ये आतला भाग नवा आणि तुंब्यातील कडे जुने, अशी काटकसर महागात पडते. दोन्ही एकत्र बदलावेत, सोबत ऑइल सीलही. कडे बसवताना ते तिरपे होऊ देऊ नये आणि घाव रोलरवर पडू देऊ नये. ग्रीस रोलरांच्या फटींत दाबून भरावे. चाक फिरवत नट आवळावा, नंतर चाक मोकळे फिरेल इतपत किंचित सैल करावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी. नट गच्च आवळणे हे ढिलाईइतकेच घातक आहे.

घरच्या दुरुस्तीने अपघात होतील, हा आक्षेप निराधार नाही. म्हणूनच मर्यादा स्पष्ट हवी. ट्रॅक्टरचा मागचा आस, त्यातील गिअर, तेल आणि ब्रेकची जुळणी हे कार्यशाळेचे काम आहे. ई-रिक्षाच्या डिफरन्शियलचेही तसेच. तुंब्यात बेअरिंग फिरत असल्याच्या खुणा वा आसावर चरे दिसले, तर नवे बेअरिंग घालून भागत नाही. आपण काय करू नये, हे कळणे हाही कौशल्याचाच भाग आहे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गळीत हंगामापूर्वी, सप्टेंबरात, गावोगावी अर्धा दिवस या विषयाला द्यावा. एक ट्रॉली, एक जॅक आणि गावातला अनुभवी फिटर एवढी सामग्री पुरेशी आहे. फिटरला प्रशिक्षक म्हणून मानाने आणि मानधन देऊन बोलवावे. त्याचे ज्ञान पुस्तकी नसले तरी ते तपासलेले आहे. प्रत्येक ट्रॉलीमालकाने चाकनिहाय ग्रीस भरल्याची व बेअरिंग बदलल्याची तारीख फवारणीच्या वहीतच लिहावी. किडीची नोंद ठेवणाऱ्या हाताला ही आणखी एक ओळ जड नाही.