आयत्या वेळचा विषय

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस या आठवड्यात लिफ्टशेजारच्या फलकावर लागली आणि ती वाचून माझं डोकं तडकलं. क्लब हाउसच्या रंगाला विषयपत्रिकेत स्वतंत्र जागा आहे. गणेशोत्सवाच्या जमाखर्चाला आहे, पाहुण्यांच्या गाड्यांना आहे. मागच्या कंपाउंड वॉलला मात्र नाही. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "काका, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ की!"

या सदराचे वाचक जाणतात, की मी सोसायटीची सभा चुकवत नाही. आयत्या वेळचे विषय निघतात तेव्हा निम्मी माणसं वडापावच्या टेबलाकडे वळलेली असतात आणि उरलेली खुर्च्या मागे सारत असतात. शिवाय ज्या विषयाला रीतसर नोटीस लागते, तो अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी घेताच येत नाही, असं उपविधींतच आहे. भिंतीचा खर्च समितीच्या अधिकारात बसणारा नाही, त्याला सभेची मंजुरी लागणारच. म्हणजे ही भिंत आणखी एक पावसाळा तशीच राहणार.

आयत्या वेळच्या विषयांच्या वरच्या ओळीत इमारतीच्या विम्याचा विषय आहे: 'नूतनीकरण करावे किंवा कसे, याबाबत विचार करणे'. विचार कसला करायचा? सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनी आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीवर बंधनकारक केला आहे. कंपाउंड वॉल, गच्ची, पॅरापेट, जिना, पाण्याच्या टाक्या, ड्रेनेज, बाहेरच्या भिंती यांची दुरुस्ती सोसायटीनेच करायची, हेही तिथेच लिहिलं आहे. त्यासाठी बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड दरवर्षी गोळा करायचा असतो. इमारत १५ वर्षांची झाली की दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांची झाली की दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. नियमांत काही कमी नाही.

आता भिंत. वाचकांनी ती माझ्याबरोबर बघावी अशी माझी इच्छा आहे. मागच्या बाजूला आपल्याकडून बघितली तर ती जेमतेम कमरेएवढी दिसते, कारण काही वर्षांपूर्वी बाग करायची म्हणून आतल्या बाजूला मातीचा भराव टाकला गेला. पलीकडच्या गल्लीतून बघितली तर तीच भिंत डोक्यावर जाते. बांधली होती ती फक्त हद्द दाखवायला, माती पेलायला नव्हे. पेलायची भिंत वेगळी असते. तिचा पाया रुंद लागतो, सळया लागतात, मागचं पाणी वाहून जायला तळाशी भोकं ठेवावी लागतात. आमच्या भिंतीला जी चार भोकं होती, ती मागे रंगकाम करताना गिलाव्यात बुजली. पावसाचं पाणी मातीत मुरतं, त्याला बाहेर पडायला वाट नाही, आणि ओली माती कोरडीपेक्षा कितीतरी जोरात रेटते. मधल्या भागात भिंत गल्लीकडे पोट काढून उभी आहे. ओळंबा लावायची गरज नाही, नुसत्या डोळ्यांना दिसतं.

त्या पोटाच्या वर एक पिंपळ उगवला आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडलं असणार. दोन विटांच्या मधून तो बाहेर आला आणि आता त्याचं खोड मनगटाएवढं झालंय. मूळ भेगेतून खाली उतरलंय आणि भेग त्या मुळाबरोबर रुंदावत गेली आहे. हा पिंपळ कुणी काढायचा, यावर आमच्याकडे जितकी चर्चा झाली तितकी भिंतीवर झालेली नाही. बी विंगमधल्या आजी शनिवारी त्याला पाणी घालतात. माळ्याने हात लावायला साफ नकार दिला. एका सभासदाने वरवर छाटून टाकला, तर पुढच्या पावसात दुप्पट फांद्या फुटल्या, कारण मूळ आत शाबूत होतं.

मी आजींशी बोललो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, मी त्याला देव म्हणून पाणी घालते, पण देवानं कुणाच्या डोक्यावर पडावं असं मला कसं वाटेल? मोकळ्या जागी नेऊन लाव, मी तिथे येईन पाणी घालायला." भिंतीतला पिंपळ जमिनीत नेऊन लावला तर जगतो, तो चिवट असतो. भिंतीचा तेवढा भाग उतरवून मुळासकट काढावा लागेल, इतकंच. दोन वर्षं ज्यांच्या श्रद्धेचं नाव पुढे करून काम अडवलं गेलं होतं, त्यांना जाऊन विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. याचा मला फार राग येतो. आजी चौथ्या मजल्यावर राहतात, दार उघडंच असतं.

भिंतीच्या पलीकडे, बरोबर त्या पोटाखाली, इस्त्रीवाल्याचं टेबल आहे. त्याच्या पत्र्याचा एक कोपरा आमच्याच भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला बांधलेला आहे. दुपारी शाळेच्या रिक्षा तिथे सावलीला थांबतात आणि मुलं उतरून भिंतीला दप्तरं टेकवून उभी राहतात. सभेत कुणीतरी म्हणणार, "आपला विमा आहे ना!" गेल्या वर्षीही म्हणाले होते. म्हणून मी खजिनदारांकडून पॉलिसी मागून घेतली आणि सगळी वाचली.

त्या पॉलिसीत इमारत आहे, कंपाउंड वॉलचा उल्लेख नाही. झीज, हळूहळू झालेली खराबी आणि देखभालीअभावी झालेलं नुकसान स्पष्टपणे वगळलं आहे. आणि ती मालमत्तेची पॉलिसी आहे. भिंत पडून बाहेरचा माणूस जखमी झाला, तर त्याच्या भरपाईचा तिच्याशी संबंध नाही. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, ते आमच्याकडे नाही. विम्याची रक्कमही जुनीच चालत आली आहे. ती फ्लॅटच्या बाजारभावावर नाही, तर इमारत आज पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चावर धरायची असते. पॉलिसीत सरासरीचं कलम असेल, पुनर्बांधणीला दहा कोटी लागणार असतील आणि विमा पाच कोटींचा असेल, तर वीस लाखांच्या नुकसानीला दहाच लाख मिळतात. आणि निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली जो गुन्हा नोंदला जातो, त्यातून सोडवणारी पॉलिसी कोणतीही विमा कंपनी देत नाही.

पुण्यात राहणाऱ्यांनी हे विसरावं याचं मला दुःख होतं. २९ जून २०१९च्या पहाटे कोंढव्यात एका निवासी सोसायटीची संरक्षक भिंत मुसळधार पावसात शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं झोपेतच गेली, त्यांत लहान मुलं होती. बहुतेक जण बिहारमधून कामाला आलेले. त्याच आठवड्यात आंबेगावात एका शिक्षणसंस्थेची भिंत पडून ६ मजूर गेले. भिंतीच्या आतल्या बाजूला राहणाऱ्यांपैकी कुणी गेलं नाही. गेले ते बाहेरचे, ज्यांना त्या भिंतीबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं आणि ज्यांचं कुठल्याही सभेत मत नव्हतं. आमचा इस्त्रीवालाही सभासद नाही, रिक्षावाले नाहीत, ती मुलं नाहीत. आमच्या सोसायटीचा मोठा वाद चालतो तो ए विंगची भिंत नाही मग ए विंगने पैसे का द्यायचे, यावर. भिंत विंगची नसते, सोसायटीची असते. कंत्राटदाराने भराव उतरवून, भिंत पाडून नवी बांधायचा अंदाज साडेचार लाख दिला आहे. आम्ही चौसष्ट घरं आहोत. घरटी सात हजारांच्या आसपास येतात, आणि निधीत पैसे असताना तेही कुणाच्या खिशातून काढायची गरज नाही.

इस्त्रीवाल्याला मी टेबल हलवायला सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, समोर ऊन आणि नाल्याचं पाणी. इथून कुठं जाऊ?" मग आमच्या गेटच्या आतली, मीटर रूमशेजारची छपराखालची जागा त्याला काम होईपर्यंत द्यावी, असं मी चेअरमनना सुचवलं. त्यांनी लगेच होकार दिला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. वॉचमनने रिक्षावाल्यांसाठी गल्लीत दोरी बांधली आहे.

भिंतीचा विषय सभेच्या पत्रिकेत रीतसर घ्यावा, दुरुस्ती स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखाली व्हावी, नव्या पॉलिसीत कंपाउंड वॉल आणि पाण्याच्या टाक्या नावानिशी लिहून घ्याव्यात आणि बाहेरच्या माणसांसाठी दायित्वाचं संरक्षण जोडावं, असं पत्र मी आणि आणखी अकरा सभासदांनी सही करून दिलं आहे. सभेच्या नोटिशीची मुदत बाकी असल्यामुळे सुधारित पत्रिका काढता येते. पत्राची पोच घेतली आहे. आजींचीही सही त्यावर आहे. सभेत काय ठरलं ते इथेच लिहीन. तोपर्यंत वाचकांनी आपापल्या खजिनदारांकडून पॉलिसीची प्रत मागून घ्यावी आणि तिच्यात आपली भिंत आहे का, ते बघून मला कळवावं.