शिक्का मारणाऱ्यांनो, जबाब द्या!

डोंबिवलीच्या मानपाडा आणि रामनगर पोलिस ठाण्यांत २०२२ साली नोंदले गेलेले गुन्हे साऱ्या महाराष्ट्राने मान खाली घालावी असे आहेत. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या. त्या महारेरा या राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाकडे सादर झाल्या. महारेराने त्यावर नोंदणी क्रमांक दिले आणि त्या क्रमांकांच्या जोरावर फ्लॅट विकले गेले. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा ६५ इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. हजारो कुटुंबांचे छप्पर बेकायदा ठरले. घराचे पैसे बिल्डरच्या खिशात गेले, कर्जाचे हप्ते मात्र रहिवाशांच्या मानेवर राहिले!

आता शहाणे लोक या रहिवाशांना विचारतात, ‘कागद नीट बघून घर का घेतले नाही?’ हा प्रश्न विचारताना जीभ कशी अडखळत नाही? महारेराचा क्रमांक होता. अनेकांचे करारनामे दुय्यम निबंधकासमोर नोंदवले गेले होते, मुद्रांक शुल्क सरकारी तिजोरीत जमा झाले होते, बँकांनी कर्जे दिली होती. एवढ्या खात्यांना जी बनावटगिरी दिसली नाही, ती सकाळच्या लोकलला लोंबकळत जाणाऱ्या कारकुनाने ओळखावी? शुल्क घेताना सरकार हजर आणि जबाबदारीच्या वेळी गैरहजर, हा कुठला न्याय?

या लुटीची पहिली पायरी म्हणजे टोकन, अर्थात बुकिंगची आगाऊ रक्कम. ‘आज रक्कम भरा, उद्या भाव वाढेल,’ असा धाक घालून खरेदीदाराकडून चेक घेतला जातो. बदल्यात त्याच्या हाती पडतो बुकिंगचा फॉर्म, फार तर नोटरी केलेला स्टॅम्पपेपर. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे त्याला कुणी सांगत नाही. स्थावर संपदा नियमनाच्या रेरा कायद्याचे १३ वे कलम स्पष्ट आहे: नोंदणीकृत विक्री करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महाराष्ट्राच्या १९६३ च्या मोफा कायद्यातही वीस टक्क्यांची मर्यादा होतीच. साठ वर्षे कायदा आहे आणि साठ वर्षे तो पायदळी तुडवला जातो आहे!

पुढे येतो करारनामा. पानेच्या पाने बिल्डरच्या वकिलाने लिहिलेली, आणि खरेदीदाराला काम एकच, ‘इथे सही करा.’ २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या गुरुग्रामच्या एका प्रकरणात खरेदीदाराच्या उशिराला १८ टक्के व्याज होते आणि बिल्डरच्या उशिराला ९ टक्के. असा एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे न्यायालयाने ठणकावले. रेरा कायद्यातही व्याजाचा दर दोघांना सारखाच आहे. ताबा रखडला तर व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क १८ वे कलम देते. हे हक्क खरेदीदाराला सहीपूर्वी कळले पाहिजेत. सही झाल्यावर ते कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवावे लागतात.

२०२३ मध्ये महारेराने परवानग्या स्थानिक संस्थांकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली. वरातीमागून आलेले हे घोडे ६५ इमारतींना वाचवू शकले नाही. आम्हाला आता आश्वासने नकोत. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र महापालिकेच्या दप्तराशी जुळल्याशिवाय एकही करारनामा नोंदवला जाता कामा नये. बनावट कागद पुढे सरकवणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची चौकशी झाली पाहिजे. फसवणाऱ्या बिल्डरची मालमत्ता जप्त करून त्यातून खरेदीदाराचा पै न् पै परत केला पाहिजे.

आणि घर शोधणाऱ्या प्रत्येक मानपाडाकराला आमचे सांगणे आहे: परवानगीची प्रत घेऊन महापालिकेत जा आणि तिथे खात्री करा. सातबारा व टायटलचा अहवाल स्वतः निवडलेल्या वकिलाकडून तपासा. करारनाम्याचा मसुदा घरी आणा, प्रत्येक कलम वाचा, नोंदणी होईपर्यंत दहा टक्क्यांवर एक रुपयाही देऊ नका. मसुदा द्यायला जो बिल्डर नकार देतो, त्याच्या कार्यालयातून त्याच क्षणी उठा. पण तुमच्या सावधपणाआड सरकारला लपू देऊ नका. ज्या खात्याने शिक्का मारला, त्या खात्याने नुकसान भरलेच पाहिजे!