वालधुनीचे पाणी आणि कचेऱ्यांच्या वह्या

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेने निघाली की पहिले स्थानक विठ्ठलवाडीचे लागते. या परिसरातून वाहणारी वालधुनी नदी लांबीने फार मोठी नाही. अंबरनाथच्या डोंगराकडे ती उगम पावते, इ. स. १०६० मध्ये बांधलेल्या तेथील शिवमंदिराजवळून वाहते, कारखान्यांची वस्ती ओलांडते, उल्हासनगर व विठ्ठलवाडी मागे टाकते आणि कल्याणपाशी खाडीच्या पाण्यात मिसळते. एवढ्याशा प्रवासात तिला एक नगरपरिषद, दोन महानगरपालिका, औद्योगिक विकास महामंडळ, रेल्वे, महसूल खाते, जलसंपदा विभाग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ इतक्यांच्या हद्दी किंवा अधिकार पार करावे लागतात. पाण्याला हद्द ठाऊक नसते. वह्यांना मात्र ती पक्की ठाऊक असते.

यांतील प्रत्येक कचेरी नदीविषयी काही ना काही लिहून ठेवीत असते. कोणी पाण्याचे नमुने घेतो, कोणी सांडपाण्याचे मोजमाप करतो, कोणी पाऊस मोजतो, तर कोणी पुराने पडलेल्या घरांचे पंचनामे करतो. ही कामे निरुपयोगी आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु एका वहीतील आकडा दुसऱ्या वहीशेजारी ठेवून पाहण्याची तजवीज नसेल, तर दहा वह्या मिळूनही नदीची एक हकीकत तयार होत नाही. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगर येथे नदीपात्रात रासायनिक द्रव्य सोडले गेले आणि त्यातून उठलेल्या वायूने शेकडो रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. अशा वेळी पाण्यात काय मिसळले आहे, हे वरच्या अंगाला कोणास ठाऊक असेल तर ते खालच्या वस्तीला तासाभरात कळणे आवश्यक असते. महिन्याच्या अहवालात ते पुढे यथावकाश छापले गेले, तर त्याचा उपयोग इतिहासापुरता उरतो.

युरोपातील ऱ्हाईन नदीची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. ती अनेक देशांतून वाहते आणि तिच्या रक्षणासाठी त्या देशांनी १९५० मध्येच एक संयुक्त आयोग स्थापिला होता. तरीही १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहरानजीक एका रासायनिक कोठाराला आग लागली, ती विझविण्यासाठी मारलेल्या पाण्याबरोबर विषारी औषधे नदीत गेली, पाणी तांबडे झाले आणि खालच्या देशांत मासे मरून पडले. आयोग होता, वह्या होत्या, पण वर्दी वेळेवर पोचली नाही. त्या घटनेनंतर या देशांनी इशारा देण्याची व्यवस्था अधिक कडक केली आणि १९८७ मध्ये नदी सुधारण्याचा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला. स्वतंत्र राष्ट्रांना जे जमले, ते एकाच ठाणे जिल्ह्यातील कचेऱ्यांना जमू नये असे कोणतेही कारण दिसत नाही.

शहराच्या नदीशी शेतकऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. मुंबई-ठाण्याच्या बाजूला रेल्वेमार्गालगत आणि नाल्यांच्या काठी पालक, माठ, भेंडी यांचे मळे वर्षानुवर्षे होत आले आहेत. ते पाणी भाजीस द्यावे की नाही, याचे उत्तर अंदाजाने देता येत नाही. ते प्रयोगशाळेच्या आकड्यांवरूनच द्यावे लागते. आकडे एका खात्याकडे असतात, सल्ला दुसऱ्या खात्याच्या कर्मचाऱ्याने द्यावयाचा असतो आणि भाजी तिसराच खातो. हे पाणी आज पिकाला देण्याजोगे आहे की नाही, एवढे एक वाक्य मराठीत लिहून ग्रामपंचायतीकडे आले, तरी ग्रामसेवकाच्या हाती सल्ल्याचा आधार येईल.

पावसाच्या नोंदीचा प्रश्न तर याहून जवळचा आहे. २६ जुलै २००५ रोजीच्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाबा येथे, सुमारे ७३ मिलिमीटरच नोंदला गेला. दोन्ही ठिकाणांमधील अंतर बैलगाडीनेही एका दिवसात कापता येण्याजोगे आहे. कोकणात डोंगराच्या एका अंगाला ढग रिकामा होतो आणि दुसऱ्या अंगाला नुसता शिडकावा पडतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. आता महाराष्ट्रात अतिवृष्टी ठरविण्यासाठी महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की नाही, हे पाहिले जाते. दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत, ही मोठी प्रगती होय. पूर्वी तालुक्याला एखाद-दुसरा पर्जन्यमापक असे. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात. केंद्राच्या जागी साठ मिलिमीटर पडला आणि पलीकडच्या डोंगराखालील गावात भाताची खाचरे वाहून गेली, तर त्या गावाने आपली बाजू कशाच्या बळावर मांडावी?

येथे गावाची स्वतःची नोंदवही उपयोगी पडते. साधा पर्जन्यमापक महाग नसतो. तो झाडाखाली किंवा छपराच्या वळचणीला न ठेवता मोकळ्या जागी बसवावा, रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजावे आणि आकडा लिहावा. हवामान खात्याची वेळही तीच आहे, म्हणून दोन्ही आकडे परस्परांशी ताडून पाहता येतात. शाळेतील वरच्या वर्गाची मुले हे काम उत्तम करतात. अशी नोंद सरकारी मापाची जागा घेऊ शकत नाही, हे खरे. पण पाऊस पडून गेल्यावर ‘फार पडला’ असे सांगणाऱ्या गावापेक्षा, जूनपासून एकही दिवस न चुकता आकडे लिहिणाऱ्या गावाच्या अर्जाला पंचनाम्याच्या वेळी वजन येते. शिवाय मंडळाच्या केंद्रावरील आकडा गावास रोज कळला पाहिजे. तो गुपित ठेवण्याजोगा मुळीच नाही. ज्या केंद्राच्या आकड्यावर शेतकऱ्याची मदत अवलंबून आहे, त्या केंद्रात काय नोंदले गेले हे त्याला महिन्यांनंतर, आणि तेही नकाराच्या रूपाने कळावे, हा न्याय नव्हे.

पिकाच्या नोंदीबाबत राज्याने १५ ऑगस्ट २०२१ पासून निराळा मार्ग धरला. ई-पीक पाहणीमुळे शेतकरी आपल्या भ्रमणध्वनीवरून, बांधावर उभा राहून, छायाचित्रासह पिकाची नोंद करू लागला. गाव नमुना बारामध्ये काय लिहिले जाते हे पूर्वी पुष्कळ खातेदारांना उतारा हाती येईपर्यंत ठाऊक नसे. कधी भाताच्या शेतात गवत लिहिलेले निघे, तर कधी पडीक जमिनीत भात पिके! त्या मानाने ही पद्धत उजवी आहे. दुर्गम पाड्यांवर जाळे मिळत नाही, वृद्ध खातेदारांना भ्रमणध्वनी हाताळता येत नाही, अशा तक्रारी आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. नोंद राहून गेली तर आधारभूत किमतीच्या खरेदी केंद्रावर भात घालताना अडचण येते. म्हणून मुदत संपण्यापूर्वी कोणाची नोंद राहिली, याची यादी गावात लागणे अगत्याचे आहे. परंतु या पद्धतीतील खरी उणीव यंत्राची नाही.

शेतकरी माहिती वर पाठवितो. ती तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, पुण्या-मुंबईस जाते. खाली मात्र काय परत येते? तालुक्यात यंदा वांगी किती क्षेत्रावर लागली, शेजारच्या जिल्ह्यात टोमॅटोची लागवड गेल्या सालापेक्षा वाढली की घटली, हे लागवडीच्या दिवसांतच समजले, तर बाजार कोसळल्यावर रस्त्यावर माल ओतण्याची पाळी काही जणांवरून तरी टळेल. हे आकडे शेतकऱ्यांनीच दिलेले असतात. ज्याने बी दिले त्याला रोपही मिळाले पाहिजे. मृदा आरोग्य पत्रिकेचीही हीच कथा आहे. २०१५ पासून सुरू असलेल्या या योजनेत मातीच्या १२ घटकांची तपासणी होते. पत्रिका घरात देवाच्या तसबिरीमागे जाते आणि खताची मात्रा दुकानदार सांगतो. गावातील सर्व पत्रिका एकत्र मांडून ‘या शिवारात जस्त कमी आहे’ असे ग्रामसभेत कोणी सांगितले, तर तो कागद कामास लागेल.

कचेऱ्या परस्परांना माहिती देत नाहीत याचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर पडतो, तेही पाहण्यासारखे आहे. एका सरकारी कचेरीने दिलेला उतारा दुसरी सरकारी कचेरी मागते आणि तो नेऊन देण्याचे काम मजुरी बुडवून शेतकरी करतो. बियाण्याच्या अर्जाला सातबारा, ठिबकच्या अर्जाला सातबारा, कर्जाला सातबारा. शासनाने शेतकरी ओळख क्रमांकाची योजना आणली असून, राज्यात कृषी योजनांसाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून आवश्यक करण्यात आला. एकदा दिलेली माहिती पुन्हा मागावयाची नाही, हे या क्रमांकाचे खरे सार्थक होय. क्रमांकही द्या आणि कागदांची चवडही आणा, असे होत राहिले तर जुन्या ओझ्यावर नवे ओझे चढविल्यासारखे होईल. अमुक कागद आता लागत नाही, हे ग्रामसेवकाने व कृषी कर्मचाऱ्याने गावास स्पष्ट सांगावे.

तथापि माहितीच्या वाटणीत एक धोकाही आहे. वहीतील चूक त्या वहीतच राहते, पण वाटलेली चूक दहा कचेऱ्यांत जाते. नावातील एका काना-मात्रेच्या फरकाने अनुदान अडल्याची उदाहरणे कोणत्याही तालुक्यात सापडतील. सातबारा संगणकावर चढविताना हस्तलिखित व संगणकीय उताऱ्यांत फरक राहिले होते. तेव्हा २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेण्यात आले. उतारे सर्वांसमक्ष वाचावयाचे आणि ज्याची चूक असेल त्याने तेथेच सांगावयाचे, ही ती रीत. लेखनातील चुका दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ ची तरतूद आहेच. चावडी वाचन हा एका मोहिमेपुरता सोहळा न राहता दर वर्षी पिकांच्या व लाभार्थ्यांच्या याद्यांसाठी व्हावा. यंत्राला न दिसणारी चूक गावाला ताबडतोब दिसते, कारण कोणाच्या बांधावर काय उभे आहे हे गाव रोज पाहत असते.

सर्वच माहिती फळ्यावर लिहावयाची नसते, हेही ओघाने आलेच. पाऊस, विहिरींची पातळी, नदीच्या पाण्याची प्रत, पिकांखालील एकूण क्षेत्र, योजनेवरील खर्च या गोष्टी सर्वांच्या आहेत. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार शासकीय कार्यालयांनी आपल्या कारभाराची माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करावयाची असते. याउलट एखाद्याचा आधार क्रमांक, बँकेचे खाते, कर्जाची थकबाकी किंवा दूरध्वनी क्रमांक ही त्याची खाजगी बाब आहे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये कायदाही झाला आहे. लाभार्थ्यांची यादी लावताना खाते क्रमांकांसह लावणे आणि पावसाचा आकडा मात्र कपाटात ठेवणे, असा उलटा व्यवहार काही ठिकाणी दृष्टीस पडतो. तो बंद व्हावा.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने माहितीचा उपयोग कसा करावा हे दाखवून दिले आहे. श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाणलोटाची कामे केली, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे तेथील पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती उतरले, माणसांना व गुरांना किती लागेल, हे मांडून मग उरलेल्या पाण्यावर कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभा ठरविते. पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाण्याची पिके टाळली जातात. तेथे आकडा वरच्या कचेरीसाठी लिहिला जात नाही. तो गावाच्या निर्णयासाठी लिहिला जातो, म्हणून तो खरा लिहिला जातो. पुष्कळ ठिकाणी नोंदी चुकीच्या असतात त्याचे मूळ येथे आहे. जी वही लिहिणाऱ्याला पुन्हा कधी उघडावी लागत नाही, ती तो कशीबशी भरून टाकतो.

उल्हास आणि वालधुनी यांच्या काठच्या गावांना विहिरीइतकाच पुराचा ताळेबंद हवा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि एक हजारांहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. ती वार्ता देशभर झाली. त्याच पाण्याने भाताची किती आवणे वाळूखाली गेली, हे मात्र पंचनाम्यांच्या कागदांतच राहिले. ‘नदीने इशारा पातळी ओलांडली’ असा संदेश आता भ्रमणध्वनीवर येतो. मीटरमधील त्या आकड्याने शेतकऱ्यास काय उमगावे? त्याला हवे असते ते एवढेच, की पाणी गोठ्यापर्यंत येईल की वरच्या बांधाशी थांबेल. बंधाऱ्यावर अमुक पातळी झाली की आपल्या शिवारात पाणी कोठवर चढते, याचा मेळ घालून विजेच्या खांबांवर व शाळेच्या भिंतीवर रंगाच्या रेघा ओढल्या, तर तोच संदेश अडाण्यालाही वाचता येईल. जलसंपदा विभागाकडील पातळी आणि गावाची आठवण ही दोन्ही त्यासाठी एकत्र आली पाहिजेत. २००५ साली पाणी कोणाच्या ओट्याच्या कितव्या पायरीस लागले होते, हे नेमके सांगणारी वडीलधारी माणसे अद्याप बहुतेक गावांत आहेत. ग्रामसेवकाने त्यांना बरोबर घेऊन शिवारात एक फेरी मारावी आणि मृग लागण्यापूर्वी त्या खुणा रंगवून घ्याव्यात.