सव्वा तासाचा हिशेब

मुंबई ते गोवा विमानाने किती अंतर, या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे : सुमारे सव्वाचारशे किलोमीटर आणि सव्वा तास. उत्तर खोटे नाही. परंतु ते विमानतळापासून विमानतळापर्यंतचे आहे, आणि विमानतळावर कोणाचे घर नसते.

शिवाय तो आकडा सांताक्रूझ ते दाबोळी असा आहे. ५ जानेवारी २०२३ पासून मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून विमाने उडू लागली आणि गोव्याला दोन दारे झाली. मोपा उत्तरेस असल्यामुळे सरळ रेषेत मुंबईला सुमारे चाळीस किलोमीटरांनी जवळ पडते. ताशी सातशे-आठशे किलोमीटर वेगाच्या विमानाला हे अंतर म्हणजे तीन मिनिटांचे काम. तेच अंतर मडगावकर प्रवासी मोटारीने उलट दिशेने कापतो, तेव्हा दाबोळीच्या तुलनेत त्याचा तासभर तरी अधिक मोडतो. काणकोणकराला तर जवळजवळ अख्खा गोवा ओलांडावा लागतो. आकाशात तीन मिनिटे वाचली, ती कोणाची, हे विचारायला नको काय?

वेळापत्रकातील सव्वा तासही जरा उकलून पाहण्यासारखा आहे. विमान एका तळावर जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या तळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा तो काळ होय. प्रत्यक्ष उड्डाण तासाच्या आतच आटोपते. सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी विमानांना ताटकळावे लागते. इकडे दाबोळी हा नौदलाचा तळ. सकाळचे काही तास सरावासाठी राखून ठेवल्याने नागरी उड्डाणांवर मर्यादा आल्या. मोप्याची गरज त्यातूनच पुढे आली, हे मान्य केले पाहिजे. पेडणे, बार्देश, तसेच पलीकडील सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांची त्यामुळे सोय झाली, याचा आम्हांला आनंदच आहे.

दाबोळीचा इतिहास मात्र विसरता येत नाही. पोर्तुगीज अमदानीत १९५५ पासून येथून दमण, दीव आणि कराचीला विमाने जात. हाकेच्या अंतरावरील मुंबईला जात नसत. मुक्तीनंतर हे दार मुंबईकडे उघडले. आता ते कोणी बंद करीत नाही, सरकारही दोन्ही विमानतळ चालू राहतील असेच सांगते. पण विमान कंपन्या सरकारच्या शब्दावर चालत नाहीत. कतार एअरवेजने २०२४ साली आपली सेवा दाबोळीहून मोप्याला नेली. अशा एकेका स्थलांतराने दक्षिण गोव्याचे अंतर वाढते आणि त्याची नोंद कोणत्याही वेळापत्रकात होत नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले. म्हणजे दोन्ही टोकांना दोन-दोन दारे. तिकिटावर ‘गोवा’ आणि ‘मुंबई’ एवढेच वाचून घराबाहेर पडण्याचे दिवस संपले. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीसाठी निघालेल्या काणकोणच्या रुग्णाला पहाटेचे विमान मोप्याहून मिळाले, तर तो मध्यरात्री कशाने जाणार? टॅक्सीचे भाडे कधी कधी विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करते. कदंबच्या बसगाड्या मोप्याला जातात. त्या काणकोण, केपे, सांगे येथून उड्डाणांच्या वेळा पाहून, रात्रीही सोडाव्यात, आणि दाबोळीवर मुंबईची किमान किती विमाने राहतील याचे लेखी आश्वासन राज्य सरकारने कंपन्यांकडून मिळवावे, अशी आमची मागणी आहे.