बंदूक सोपी, जोड अवघड

आमच्या शहापूर-मुरबाडकडे रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत वर्षानुवर्षं रॉडच्या वेल्डिंगचं राज्य. हल्ली मात्र धंद्यातला जो तो विचारतो, "मिग घेऊ का?" परवा नात्यातल्याच एका भाच्याने विचारलं आणि एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून हा प्रपंच.

माझं मत असं, की मशीन जरूर घ्यावं, पण त्याच्या सोपेपणावर भाळू नये.

ही पद्धत १९४८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियमसाठी आली, तीही महागड्या वायूवर. १९५३ च्या सुमारास स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरात आला आणि ती लोखंडाच्या कामाला परवडू लागली. दुकानात तिला 'सीओटू' म्हणतात ते त्यामुळेच.

रॉडवर हात बसायला महिने जातात. रॉड चिकटतो, आणि जोड वाईट झाला तर बहुतेक वेळा दिसतोही वाईट. मिगमध्ये तार आपोआप सुटते, खपली झाडावी लागत नाही. चार दिवसांत पोरगा सुबक रेघ ओढू लागतो. गोम इथेच आहे! उष्णता कमी पडली तर तार वितळते, पण खालचं लोखंड वितळत नाही. वरून सुंदर दिसणारा जोड आतून नुसता चिकटवलेला असतो. गेटच्या नक्षीला ते एकवेळ खपेल. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक असा जोडला आणि भरल्या ट्रॉलीनिशी माळशेजच्या चढावर सुटला, तर मागून येणाऱ्याचं काय?

म्हणून मशीन लावताना घाई नको. पातळ चौकोनी पाइपला ०.८ मिमी तार पुरते. साधी तार आणि गॅस असेल तर बंदूक प्लसला, अर्थिंग मायनसला. अर्थिंगचा चिमटा गंजावर-रंगावर नको. लोखंड घासून लावावा. गॅस मिनिटाला १० ते १५ लिटर. मग व्होल्टेज आणि तारेचा वेग जुळवायचा. ते कानाला कळतं. भजी तळताना येतो तसा एकसारखा चुरचुर आवाज आला की जमलं. तार आपटून हात मागे ढकलत असेल तर वेग जास्त झालाय. आणि १०-११ नंबरच्या काचेचं हेल्मेट हवंच. पोरांना साध्या काळ्या गॉगलवर उभं करू नका.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. मुरबाड एमआयडीसीतल्या बंद शेडमध्ये मिग शोभतं. आपली दुकानं मात्र तीन बाजूंनी उघडी. वाराच काय, पंखासुद्धा गॅस उडवतो आणि जोडात भोकं राहतात. शेतावर, छपरावर, गंजलेल्या नांगरावर रॉडच बरा. तेव्हा जुनं मशीन भंगारात काढू नका.

शेवटचं आणि महत्त्वाचं. एका पट्टीवर दुसरी उभी ठेवून एकाच बाजूने जोडा. थंड झाल्यावर उभी पट्टी हातोडीने जोडाच्या बाजूला पाडा. जोड सालीसारखा निघाला आणि खाली गुळगुळीत लोखंड दिसलं, तर सेटिंग चुकलंय. आयटीआयमध्ये वेल्डरचं शिक्षण वर्षभराचं असतं ते उगीच नाही. दुकानाच्या पाटीवर 'मिग वेल्डिंग' रंगवण्याआधी अशा पन्नासेक पट्ट्या तरी मोडलेल्या असाव्यात.